किती खणांचं?

वडगाव रासाईत भीमेच्या अंगाला, उसाच्या रानालगत एक जुनं कडीपाटाचं घर आहे. दगडी जोतं, लाकडी खांब, पुढे ओसरी. कांदा पसरायला आणि लग्नकार्याला सावली हवी म्हणून ओसरीपुढे पत्र्याची शेड घालायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

मी नकाशा मिलिमीटरमध्ये काढला. आम्हा आर्किटेक्ट लोकांना दुसरं शिकवतात कुठे? गवंड्यानं तो विटांत वाचला. फॅब्रिकेशनवाल्यानं पाइपात वाचला. पाइप येतो वीस फुटी, कापला की तुकडा अंगावर पडतो, त्यामुळे त्याचं सगळं गणित त्या विसाशी. घरच्या काकूंनी नकाशा उलटा धरला आणि हसून परत दिला. खड्ड्यांच्या खुणा पडल्या तेव्हा एक खांब नेमका दारासमोर येत होता! चूक माझीच. जुन्या घरातले खांब सारख्या अंतरावर असणार, असं धरून मी दोनच ठिकाणी टेप लावला होता.

चौकट दुरुस्त करायला आलेले म्हातारे सुतार हे सगळं बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, ओसरी किती खणांची?"

खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, वर पाहिलं तर दोन तुळयांमधली. घर पाच खणी आहे, सात खणी आहे, असं सांगायची आपली रीत. चौरस फूट फार नंतर आला. गंमत अशी की खणाला पक्कं माप नाही. लाकूड जेवढं लांब मिळेल आणि जेवढा भार पेलेल, तेवढा खण. सुताराला त्यात तुळई दिसते, गवंड्याला खांबाखालचा दगड, घरच्या बाईला दोन अंथरुणं. शब्द एकच, पण प्रत्येकाचा हात वेगळ्या वस्तूवर. (रासाई देवीच्या ओटीत नारळाबरोबर जातो तोही खणच, आणि कपाटाचा कप्पाही खण. या शब्दानं किती संसार सांभाळावेत!)

आम्ही मोजलं. चार खण. तीन पाच-पाच फुटांचे, एक साडेचारचा. बांधणाऱ्याला लाकूड तेवढंच मिळालं असणार. शेडचे खांब ओसरीच्या खांबांसमोर, एकाआड एक घ्यायचं ठरलं आणि दार आपोआप मोकळं झालं. एकूण साडेएकोणीस फूट. फॅब्रिकेशनवाल्याचा चेहरा खुलला. पाइप न कापता अर्धा फूट बाहेर काढला, तिथंच पन्हळ अडकवली.

सगळ्यांना कळेल अशा नावांचा शोध इतरांनीही घेतला आहे. क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुविदानं 1964 च्या पुस्तकात एका भारतीय खेड्याच्या 141 गरजा मांडून त्यांची गणिती जुळणी केली होती. पुढे 1977 मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 253 'पॅटर्न', म्हणजे नाव दिलेल्या रचना, छापले. त्यातला एक सांगतो की सहा फुटांहून अरुंद बाल्कनीत माणसं सहसा बसत नाहीत. हे आपल्या ओसरीला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. रचनेला नाव द्यायची ही कल्पना सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलली, 1994 मध्ये चौघांनी त्यावर पुस्तक लिहिलं, आणि आज प्रोग्रामर एकेका नावात अख्खी रचना एकमेकांना सांगतात. मला अलेक्झांडर आवडतो, पण 253 नावं पाठ करून बांधकामावर कोण येणार? ज्याच्या त्याच्या तोंडात आधीच असलेला एखादा शब्द सापडला तर काम पुढे सरकतं.

मात्र सगळेच शब्द असे इमानी नसतात. 'लेव्हल' घ्या. फरशीवाल्याची लेव्हल म्हणजे सपाट, प्लंबरची म्हणजे जाळीकडे उतरणारा ढाळ. दोघंही मान डोलावतात, आणि पहिल्या आंघोळीला पाणी उंबऱ्यापाशी साचतं. उलट गवंडी, सुतार, वेल्डर यांचं 'गुण्यात आहे', म्हणजे काटकोनात आहे, यावर कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. तीन, चार, पाच फुटांची दोरी ताणली की काटकोन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. 'लेव्हल'च्या वेळी दोरी कुणी ताणत नाही, नुसत्या माना हलतात.

शेड उभी राहिली त्या संध्याकाळी काकू ओसरीच्या पायरीवर उभ्या राहून बोटानं मोजत होत्या. "दोन खणांत कांदा. दाराचा खण मोकळा. आणि हा धाकटा," साडेचार फुटांकडे बघत त्या म्हणाल्या, "इथं पावसाळ्यात चूल." नकाशा त्यांनी पुन्हा मागितला नाही. फॅब्रिकेशनवाल्याचं बिल आलं त्यात कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'शेड, खण 4'. दर मात्र किलोनंच लावला होता.