हॉर्न न वाजवणारी राजधानी

एका देशाचा कारभार या शहरातून चालतो, हेच मला आधी खरं वाटेना! लाओसची राजधानी व्हिएन्तियान. हमरस्त्यावर गाड्या आहेत, स्कूटरींचे थवे आहेत, पण हॉर्न जवळजवळ नाहीच. सिग्नल हिरवा होतो, पुढचा जरा रेंगाळतो, तरी मागचे मुकाट थांबून राहतात. वाशिमच्या पाटणी चौकात वावरलेल्या माणसाने थक्क होऊ नये तर काय!

पहाटे तर आणखी नवल. फुटपाथवर बायका रांगेने गुडघे टेकून बसल्या आहेत. खांद्यावरून तिरपं घेतलेलं वस्त्र, पुढ्यात विणलेली बांबूची टोपली, टोपलीत वाफाळता चिकट भात. आणि ते बघा, भगवी रांग येतेय. अनवाणी भिक्षू, कुणी तर अगदी पोरसवदा! प्रत्येकाच्या पात्रात एकेक घास पडतो, कुणी बोलत नाही. मग एका सुरात पाली आशीर्वचन. माधुकरी मी आजोबांच्या तोंडून ऐकलेली, इथे ती रोज डोळ्यांसमोर घडते.

दुपारी फा थाट लुआंग पाहिला. राजा सेट्ठाथिराटने १५६० साली राजधानी इथे आणली आणि १५६६ साली हा स्तूप उभारायला घेतला. सुमारे ४५ मीटर उंच, नखशिखांत सोनेरी. उन्हात नजर ठरत नाही. सांचीचा घुमट मनात धरून गेलो होतो. हा कमळाच्या कळीसारखा निमुळता होत आभाळात शिरलेला. आपल्या देवळांच्या आवारातला चाफा इथलं राष्ट्रीय फूल आहे.

हे सारं एकदा उद्ध्वस्त झालं होतं. राजा अनुवोंगने सयामविरुद्ध, म्हणजे आजच्या थायलंडविरुद्ध, उठाव केला आणि १८२८ साली सयामी सैन्याने शहराची राखरांगोळी केली. अनुवोंगनेच १८१८ साली बांधलेला वाट सी साकेत हा विहार मात्र वाचला. त्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींत कोनाडेच कोनाडे, आणि कोनाड्याकोनाड्यात बुद्ध. हजारो मूर्ती! तिथे मला वाशिम आठवलं, वाकाटकांचं वत्सगुल्म, तेही एके काळी राजधानीच. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं बुद्धासाठी कोरवून घेतलं होतं. आपल्या गावाचं या ओवरीशी इतकं जुनं नातं आहे, या विचाराने अंगावर काटा आला.

संध्याकाळी सगळं शहर मेकाँगच्या काठी लोटतं. पैनगंगेच्या काठी वाढलेल्या डोळ्यांना हा पसारा आवरत नाही. पलीकडचा काठ म्हणजे चक्क थायलंड, दुसरा देश! काठावर अनुवोंगचा भव्य पुतळा आहे, नदीच्या दिशेने हात पुढे केलेला. जवळच बायाबापड्या गाण्यांच्या तालावर व्यायाम करताहेत. दिवसभरात ऐकलेला मोठा आवाज तेवढाच.

वाशिमकरांनो, आधी अजिंठ्याचं ते लेणं बघा, मग व्हिएन्तियान गाठा. पहाटे उठा, खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला आणि भिक्षूंची वाट न अडवता, बाजूला उभं राहून बघा.