विद्यापीठ गुंजाल्याला शिकायला आलं

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात स्वतःचं असं विद्यापीठ नाही. जुन्या जिल्ह्यात बासरची ट्रिपल आयटी होती. २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि बासर निर्मलमध्ये गेलं. त्यामुळे एखाद्या विद्यापीठाने आणि गावाने मिळून काही केलं का, असं कोणी विचारलं तर मी नारनूर मंडलातल्या गुंजाला या गोंडांच्या गावाचं नाव घेतो. तिथे आलेलं विद्यापीठ मात्र तीनशेक किलोमीटरवरून, हैदराबादहून आलं होतं.

मी या भागात मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षक होतो. तेलंगणात मराठी शाळा कशी, असं नांदेडकडचे नातेवाईक अजून विचारतात. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादचेच होते, हे त्यांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं. सरहद्द सरकली, माणसं जिथल्या तिथेच राहिली. आजही आमच्याकडचे म्हातारे राजगोंड तेलुगूपेक्षा मराठीत जास्त मोकळे होतात. वर्गात घरी गोंडी बोलणारी, मथुरा समाजाची बोली बोलणारी, तेलुगू बोलणारी मुलं एकाच बाकावर बसायची आणि सगळ्यांना मी ‘कमळातला क’ शिकवायचो.

संशोधक आमच्याकडे कमी येत नाहीत. केसलापूरच्या नागोबा जत्रेत तर ते भाविकांच्या बरोबरीने दिसतात. किकरी हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या परधान गायकाला दोन गाणी म्हणायला लावायची, ती टेप करायची, गुसाडी नर्तकांच्या मोरपिसांच्या टोपाचे फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या बसने परतायचं. पुढे त्या टेपचं काय झालं, पुस्तक निघालं की नाही, गावाला कळत नाही. म्हणून २००६च्या सुमारास हैदराबाद विद्यापीठाचे कोणी प्राध्यापक गुंजाल्यात जुन्या पोथ्या बघायला येतात, हे कानावर आलं तेव्हा मी फारसं लक्ष दिलं नाही.

ते प्राध्यापक जयधीर तिरुमलराव. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गुंजाल्यात दहा-बारा हस्तलिखितं मिळाली. भाषा गोंडी होती. अक्षरं मात्र ना देवनागरी, ना तेलुगू, ना मोडी. अभ्यासकांनी या हस्तलिखितांचा काळ १७५०च्या आसपासचा धरला आहे. खरी अडचण पुढेच होती. ही अक्षरं वाचता येणारी गावातली माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती आणि सगळी वयस्क. विद्यापीठात तर एकालाही ती येत नव्हती. म्हणजे शिकवणारे गुंजाल्याचे आणि विद्यार्थी हैदराबादचे. माझ्या मते या कामाचं सगळं वेगळेपण इथेच आहे. पदव्या असलेली माणसं जमिनीवर बसून, कधी शाळेत न गेलेल्या माणसाकडून बाराखडी गिरवत होती, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता.

हे ऐकल्यावर मात्र मला राहवेना. एका पावसाळ्यात नारनूरहून गुंजाल्याला गेलो. दोन्ही बाजूंना कापूस, मध्ये चिखल. ओसरीवर एक आजोबा चार पोरांना अक्षरं दाखवत होते. राम राम झाला, चहा झाला. मी त्यांच्या पाटीत डोकावलो. व्यंजनांची सुरुवात य पासून! मग व, ब, भ, म, आणि त्यानंतर कुठे क. मी म्हटलं, “दादा, क इतका मागे का टाकला?”

“गुरुजी, तुम्ही य इतका मागे का टाकला?”

मला उत्तर सुचलं नाही. पोरं खूप हसली. जन्मभर जो क्रम मी सृष्टीचा नियम म्हणून शिकवला, तो फक्त आमच्या घरचा रिवाज होता, हे त्या ओसरीवर कळलं. मग आजोबांनी माझ्या हाताला धरून य काढून घेतला. तो मला नीट जमला नाही.

पुढचं काम संथपणे झालं. गावाने वाचून दाखवायचं, अक्षराचं वळण बरोबर की चूक ते सांगायचं. विद्यापीठाच्या दलित-आदिवासी अध्ययन व भाषांतर केंद्राने त्याची नोंद ठेवायची, वाचनपाठ तयार करायचे, संगणकासाठी फॉन्ट करवून घ्यायचा. २०१४च्या सुरुवातीला लिपी आणि फॉन्ट लोकांसमोर आले. उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेच्या (आयटीडीए) आधाराने काही गोंड गावांतल्या शाळांत लिपी शिकवायला सुरुवात झाली आणि शिकवणारी पोरं त्या-त्या गावातलीच होती. जून २०१८ मध्ये ‘गुंजाला गोंडी’ या नावाने ही लिपी युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत दाखल झाली. तसा प्रस्ताव अंशुमान पांडे यांनी मांडला होता. जगातल्या कुठल्याही संगणकाला आता आमच्या नारनूर मंडलातल्या एका खेड्याचं नाव ठाऊक आहे. त्याच गावाला चांगला रस्ता मिळवायला किती अर्ज करावे लागतात, ते विचारू नका.

विद्यापीठाचा माणूस गोंडांसाठी या डोंगरात येण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९४०च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ मार्लवाईत येऊन राहिले. पुढे ते उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. सुरुवातीची गोंडी पुस्तकं देवनागरीत छापली गेली, कारण जे थोडे गोंड साक्षर होते त्यांना मराठी येत होती. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी त्या काळात निजामाच्या नोकरीत याच जिल्ह्यात होते. ते गोंडी शिकले आणि त्यांनी तिचं व्याकरणही लिहिलं. शिवकालावरची त्यांची पुस्तकं वाचलेले लोक मला पुष्कळ भेटतात. गोंडी व्याकरणाचं नाव काढलं की समोरचा गप्प होतो. हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेट्टी यांची समाधी मार्लवाईत आहे. दर जानेवारीत तिथे लोक जमतात. गावात राहून काम केलेल्या माणसाला गाव विसरत नाही.

गुंजाल्याचं सगळं छान चाललं आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. प्रकल्पाला निधी असतो तोवर मानधन मिळतं. तो आटला की शिकवणारा पोरगा कापूस वेचायला जातो. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे तीस लाखांच्या घरात होते, तरी भाषा आठव्या अनुसूचीत नाही. सरकारी शाळेतली गोंडी पुस्तकं आमच्याकडे तेलुगू लिपीत, सरहद्दीपलीकडे महाराष्ट्रात देवनागरीत. त्यातच १९१८ साली बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी तयार केलेली आणखी एक गोंडी लिपी आहे; तीही २०१७ साली युनिकोडात आली. कोणती धरायची, यावर जत्रेत वाद होतात. आणि आईबाप विचारतात, “हे शिकून नोकरी लागेल का?” नाही लागणार. हे त्यांना सरळ सांगावं. खोटी आशा दाखवून लिपी जगवू नये. पण आजोबांच्या हातची चिठ्ठी नातवाला वाचता यावी, एवढं कारण पुरेसं आहे, असं मला वाटतं.

हैदराबादने केलं ते सरहद्दीअलीकडे. सरहद्दीपलीकडे किनवट, माहूर, केळापूर, राजुरा, जिवती या तालुक्यांतही गोंडी बोलणारी घरं आहेत, आणि त्यांचे सोयरे आमच्याकडे आहेत. गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ आहे. त्यांनी गुंजाल्याला यावं. इथली माणसं शिकवायला तयार आहेत. आणि तुम्ही त्या तालुक्यांत शिक्षक असाल तर एवढं करा: पोरांच्या घरी जुने कागद, वह्या, पोथ्या आहेत का ते विचारा. असतील तर घरच्यांच्या परवानगीने, त्यांच्यासमोर फोटो घ्या. मूळ कागद त्यांच्याच घरी राहू द्या.