खड्याला जिना कळत नाही

‘पित्त’ या शब्दाने मराठी माणसाचा फार घोटाळा केला आहे. घशाशी जळजळलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, आणि यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठतं तेही पित्तच. म्हणून मध्यरात्री छातीत कळ आली की घरातलं कुणीतरी “पित्त झालंय” म्हणतं आणि सोड्याचं पाणी पुढे करतं. पोटाचा सर्जन या नात्याने या घोटाळ्याची दोन्ही टोकं मी पाहिली आहेत.

एका लक्ष्मीपूजनाच्या रात्री पन्नाशीच्या एक बाई आल्या. जेवणात बासुंदी-पुरी, वर फराळ. छातीच्या मधोमध सुरू झालेली कळ पाठीत उजव्या खवाट्यापर्यंत गेलेली, अंग घामाने भिजलेलं. घरच्यांनी हार्ट अटॅक ठरवूनच टाकला होता. काही तासांच्या अंतराने केलेले ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी, सगळं ठीक. मी उजव्या बरगडीखाली बोटं टेकवली. “ताई, खोल श्वास घ्या.” श्वास अर्ध्यातच अडकला. सकाळी सोनोग्राफीत खडे दिसले. एक पित्ताशयाच्या तोंडाशीच रुतलेला.

तूप-तेल पोटात गेलं की पित्ताशय आकुंचन पावून पित्त आतड्यात सोडतं. तोंडाशी खडा असला तर वाट बंद, आणि कळ अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांपर्यंत चालते. हृदय आणि पित्ताशय यांच्या वेदना वाहणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यात जवळजवळच शिरतात, त्यामुळे मेंदूला नेमका पत्ता लागत नाही. पित्ताशय सुजल्यावर कधी कधी ईसीजीही बदलतो.

आता दुसरं टोक. साठीचे एक गृहस्थ सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आले. “डॉक्टर, खडे काढूनच टाका.” विचारल्यावर कळलं, जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की ओसरते. म्हटलं, “काका, खड्याला जिना कळत नाही. जिना कळतो तो हृदयाला.” त्यांची अँजिओप्लास्टी झाली. खडे अजून आहेत तिथेच आहेत, निमूट. बहुतेक खडे जन्मभर असेच गप्प बसतात. त्यांना सहसा हात लावायचा नसतो.

त्रास देणाऱ्यांची गोष्ट वेगळी. १८८२मध्ये बर्लिनला सर्जन लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पित्ताशयच काढून टाकलं. १९९०मध्ये मुंबईत डॉ. उडवाडिया यांनी तेच काम दुर्बिणीतून केलं. आज असा रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. तेव्हा खड्याला घाई नसते. घाई असते ती हृदयाला.

म्हणून एवढंच ध्यानात ठेवा: छातीत कळ आली तर आधी ईसीजी, मग सोनोग्राफी. खडे असल्याचा जुना रिपोर्ट कपाटात असला, तरी क्रम हाच. आणि स्वतः गाडी काढू नका, १०८ला फोन करा.