शेवटचा चोर

भिंग म्हटले की आमच्या घरात आजोबांच्या जुन्या चष्म्यापलीकडे कोणाची कल्पना जात नसे. अशा घरातल्या मुलीने दोन सत्रे शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे कॅमेऱ्याच्या एका भिंगावर घालायचे, तेही रात्रीचे आकाश टिपण्यासाठी, म्हटल्यावर घरात काय झाले असेल ते सांगायला नको. वडील एवढेच म्हणाले, "तेवढ्यात दुभती शेळी आली असती." त्यांचे खरे होते. पण शेळीने आज्जीचे काम झाले नसते.

आमचे गाव पारनेर तालुक्यातले. पठारावरचे, कोरडे. पाऊस कमी, म्हणून पीक कमी. आकाश मात्र भरपूर. लहानपणी आम्ही खळ्यावर निजायचो आणि आज्जी उत्तरेकडे बोट दाखवून गोष्ट सांगायची. सप्तर्षी हे नाव मला शाळेत कळले. आज्जीच्या लेखी ते म्हातारीचे बाजले होते. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर आणि मागचे तीन म्हणजे चोर. चोर रात्रभर बाजेच्या मागे चालतात, पण त्यांचा हात काही पोचत नाही. का? तर धुरू पहाऱ्याला बसला आहे आणि म्हातारी जागी आहे. "म्हातारी जागी असली की चोर जवळ येत न्हाईत," हे गोष्टीचे शेवटचे वाक्य. ते ऐकेपर्यंत आम्ही झोपलेलो असायचो.

मागच्या पावसाळ्यात ओसरीवरून पाय घसरून आज्जीचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून ती आतल्या खोलीत, तिच्या बाजेवर. दिवाळीच्या सुटीत मी गेले तेव्हा म्हणाली, "तुझ्या मामाचा फोटूचा डबा हाय ना तुझ्याकडं? मंग मला बाजलं दाखीव. धुरू बी पायजे. आन् खाली आपलं घर."

मामाचा तालुक्याला स्टुडिओ होता. लग्ने, मुंजी, पासपोर्ट. मोबाइलमध्येच कॅमेरा आला आणि स्टुडिओ बंद झाला. त्याचा मामिया सी ३३० हा कॅमेरा त्याने मला दिला. वर एक, खाली एक अशी दोन भिंगे असलेला. वरच्यातून पाहायचे, खालच्यातून चित्र उतरते. एका रोलवर बारा चित्रे. निगेटिव्ह चौरस, ५६ मिलिमीटर बाजूची, म्हणजे लहान कॅमेऱ्याच्या निगेटिव्हच्या साडेतीनपटीहून मोठी. रात्रीच्या कामाला त्यात एक मोठी सोय आहे. त्याला बॅटरी लागत नाही. तास तास झडप उघडी ठेवली तरी काही संपत नाही. आणि दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांत क्वचित असणारी गोष्ट त्यात आहे, त्याची भिंगांची जोडी बदलता येते.

मामाच्या कॅमेऱ्याला ८० मिलिमीटरचे भिंग होते. ते सुमारे ३९ अंश आकाश पाहते. आता अंश मोजायला माझ्याकडे साधन कसले? हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. मी खळ्यावर उभी राहून मोजले. ध्रुवापासून शेवटच्या चोरापर्यंत चार मुठी आणि वर एक बोट. म्हणजे ४१ अंश. ध्रुव घ्यावा तर शेवटचा चोर बाहेर, चोर घ्यावा तर ध्रुव बाहेर. कॅमेरा तिरका केला असता तर कर्णावर सगळे मावले असते, पण खाली घर कलंडले असते. आज्जीचे घर कलंडलेले कसे दाखवायचे?

तेव्हा रुंद कोनाचे भिंग हवे. मामाबरोबर मुंबईला गेले. फोर्टात बोरा बाजाराच्या आसपास जुन्या कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. दुकानदाराने काचेवर दोन जोड्या मांडल्या, ५५ मिलिमीटरची आणि ६५ची. ५५ची दुर्मीळ, म्हणून महाग. ती ५४ अंश पाहते, ६५ची ४६-४७. दुकानदार म्हणाला, "ताई, आकाशाला जितकं रुंद तितकं चांगलं." माझेही मन तिकडेच ओढत होते. उधारीचा विचारसुद्धा मनात येऊन गेला.

मामाने मला बाहेर नेऊन चहा पाजला आणि बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. ५५च्या भिंगाचे छिद्र जास्तीत जास्त एफ ४.५ पर्यंत उघडते. म्हणजे ५५ भागिले साडेचार, छिद्राचा व्यास १२ मिलिमीटर. ६५चे उघडते एफ ३.५ पर्यंत, व्यास साडेअठरा. "डोंगराचा, माणसाचा फोटो काढताना एफचा आकडा बघायचा," तो म्हणाला, "पण तारा म्हणजे नुसता ठिपका. त्याचा उजेड किती येणार ते दार खरोखर केवढं उघडतं त्यावर." साडेअठराचे दार बाराच्या दारापेक्षा ताऱ्याचा दुपटीहून अधिक उजेड आत घेते. जास्त रुंद भिंग घेऊन मी जास्त आकाश घेतले असते आणि त्यातले तारे मात्र कमी.

"पण पुस्तकात तर रुंदच घ्या म्हणून लिहिलंय," मी म्हटले. मामा हसला. "पुस्तक कुठलं? विलायतेचं. तिथं धुरू पन्नास अंश वर. जमीन आणि धुरू एका चित्रात घ्यायचा तर त्यांना रुंद लागणारच. आपला धुरू केवढा वर?" जितके अक्षांश तितकी ध्रुवाची उंची. आमच्या गावी १९ अंश, दोन मुठींनाही कमी. आमचा ध्रुव छपराला टेकून बसल्यासारखा दिसतो. लहानपणी मला ही त्याची गरिबी वाटे. त्या दिवशी प्रथमच ती सोय वाटली.

आम्ही ६५ची जोडी घेतली. एकेचाळीस अंश हवे होते, सेहेचाळीस मिळाले. किती आकाश मावते याच्या नादात मी होते; काय सुटता कामा नये, हे आधी ठरले की भिंग आपोआप ठरते, हे त्या बिलाच्या पाठीवर मला कळले.

पौष अमावास्येला मध्यरात्री चाचणी घेतली आणि पुरती फसले. चौकटीच्या कडेचे तारे पंख फुटल्यासारखे फिसकटले; भिंग पूर्ण उघडे ठेवल्याचा तो परिणाम. आणि ताऱ्यांच्या रेघा सुरुवातीला ठळक, पुढे विरत नाहीशा झालेल्या. भिंगावर दंव बसले होते. पहिल्या दोषाला उपाय होता, छिद्र थोडे मिटून चारवर आणायचे. दुसऱ्याला उपाय आज्जीकडे निघाला. तिच्या खुब्याला शेकायला तव्यावर भाजलेल्या मिठाची पुरचुंडी असे. "ही बांध त्याच्या गळ्याला," ती म्हणाली.

महाशिवरात्रीची रात्र. चंद्र नाही, आणि घर जागेच. दहाच्या सुमारास बाज ईशान्येला उभी राहिली होती, पुढचे खूर वर, चोर खाली क्षितिजाजवळ. चुलतभावाने तिपाई खळ्यात दगडांनी पक्की केली. मी पुरचुंडी भिंगाभोवती गुंडाळली. चौकटीत पाहिले. डाव्या कडेला ध्रुव, उजव्या कडेला शेवटचा चोर, मध्ये आमच्या घराचे छप्पर. फक्त एक अडचण होती. आज्जीच्या खिडकीत तेलाचा दिवा. अर्ध्या तासाच्या चित्रात तो एवढासा दिवा फिल्म जाळून टाकणार. मी आत जाऊन म्हटले, "आज्जी, अर्धा तास दिवा मालवू?"

"शिवरातीचा दिवा मालवत न्हाईत," ती म्हणाली आणि विषय संपला.

मी रागातच बाहेर आले. आधी वीस सेकंद झडप उघडी ठेवली, म्हणजे तारे ठिपक्यासारखे उमटावेत. मग भिंगावर टोपण लावून दोन मिनिटे थांबले. मग टोपण काढून अर्धा तास, म्हणजे प्रत्येक ठिपक्यापुढे त्याची चाललेली वाट उमटावी. अर्ध्या तासात आकाश साडेसात अंश फिरते. तेवढा वेळ मी खळ्यात बसून होते. आतून आज्जीचा खोकला ऐकू येत होता आणि आकाशात बाज हळूहळू वर सरकत होती.

रोल मामाने धुतला. त्याच्या बंद स्टुडिओत लाल दिव्याखाली कागदावर आधी छप्पर आले, मग खूर, मग एक, दोन, तीन चोर. ध्रुव जवळजवळ जागचा हललेला नाही. तोही खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा दूर असल्याने तसूभर सरकतो. पण ते आज्जीला सांगायची गरज नव्हती. खाली खिडकीच्या जागी पांढरा डाग. भिंगावर घातलेले सगळे पैसे मला त्या डागात जळालेले दिसले.

फोटो आज्जीच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ धरला, बोटाने खूर मोजले, चोर मोजले. शेवटच्या चोरावर बोट बराच वेळ थांबले.

"अजून लांब हाय," ती म्हणाली. मग बोट खाली आले. "आन् ह्यो उजेड कसला?"

"तुझ्या दिव्याचा. त्यानं तेवढा भाग जळाला बघ."

"जळाला कसला?" आज्जी म्हणाली. "म्या जागी हाय, त्ये दिसतंय त्यात."

(तृतीय वर्ष कला, मराठी)