बंद दाराआडची मांजरे

मराठी भाषेने मांजराला पुष्कळ कामे लावली आहेत. ते डोळे मिटून दूध पिते, ते वाटेत आडवे जाते, त्याच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी पुढे येत नाही, आणि आपली पिल्ले तोंडात धरून ते सात घरे हिंडते. तत्त्वचर्चेतही त्याला जागा मिळाली आहे. भक्ताने माकडाच्या पिलासारखे आईला घट्ट धरून ठेवावे, की मांजराच्या पिलासारखे स्वतःला तिच्या स्वाधीन करावे, यावर रामानुजांच्या परंपरेतील दोन पंथांचे मतभेद प्रसिद्ध आहेत. परंतु या साऱ्या मांजरांत बंद घरात कोणाची तरी वाट पाहत बसलेले मांजर मला कोठे आढळले नाही. वाट पाहण्याचे काम आपण कुत्र्याकडे सोपवले. कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचे, असे लहानपणी मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले, की त्यात तपासून पाहण्यासारखे काही आहे असे कधी वाटलेच नाही.

माझे लहानपण सिंधुदुर्गातल्या एका वाडीत गेले. आमच्या कौलारू घराला पुढचे दार होते, मागचे दार होते, पण मांजराच्या दृष्टीने ती दारे नव्हतीच. माळ्यावरून कौलांखाली, कौलांखालून फणसाच्या फांदीवर आणि तेथून परड्यात, अशी त्याची स्वतंत्र वहिवाट होती. दुपारी ते आमच्या पडवीत झोपे, संध्याकाळी शेजारच्यांच्या चुलीपाशी राखेच्या उबेत बसे, आणि कोळीण पाटी घेऊन वाडीत आली, की ज्या अंगणात पाटी उतरेल त्या अंगणातले होई. आम्ही त्याला आमचे मांजर म्हणत असू. शेजारीही त्याला आमचे मांजर म्हणत, म्हणजे त्यांचे. आम्ही लग्नाकार्याला चार दिवस गावाबाहेर गेलो, तर मांजराचे काय करायचे हा प्रश्न घरात कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. घराला कुलूप लागे आणि मांजराच्या दिवसात एक घर कमी होई, इतकेच.

हे चित्र मी रंगवून सांगते आहे असे कोणाला वाटू नये. त्या मोकळेपणाची किंमत मांजरे मोजत असत. पावसाळ्यात सर्पदंशाने गेलेली, बिबट्याने नेलेली, रस्त्यावर सापडलेली मांजरे आम्ही मोजत नसू. गणपतीला चाकरमानी येत, वर्षभर मिटलेली घरे उघडत, दहा-बारा दिवस त्या घरांतून मांजरांची चंगळ होई. मग मुंबईच्या गाड्या भरून जात, दारांना पुन्हा कुलपे लागत, आणि त्या ओट्यांवर काही दिवस मांजरे येऊन बसत. ती वाट पाहत होती का? त्या वेळी मी म्हटले असते, सवयीने येतात.

पुण्यात चौथ्या मजल्यावर राहायला आल्यावर माझ्या घरात दोन मांजरे आली. ठकी नावाची एक सावळी, संशयी मांजरी आणि बाळ्या नावाचा एक लठ्ठ, भाबडा बोका. सदनिकेचे दार ओढले, की लॅच आपोआप लागते. खिडक्यांना जाळ्या आहेत, कारण त्या नसत्या तर एखाद्या कबुतराच्या मागे बाळ्या केव्हाच खाली गेला असता. या जाळ्या आणि हे लॅच यांनी त्यांचे आयुष्य वाढवले आहे यात शंका नाही. पण त्याच क्षणी त्यांचे उंदीर, त्यांचे ऊन, त्यांची माती, त्यांची चार घरे, सारे माझ्या हातात आले. आता त्यांच्या पोटात जे जाईल ते मी दिलेले, आणि जे बाहेर पडेल ते मी उचललेले. मांजराचे एकटेपण ही वस्तू मला वाटते लॅचबरोबर जन्माला आली. वाडीतल्या मांजराला कोणी एकटे सोडूच शकत नव्हते.

म्हणूनच 'मांजर काय, दोन वाडगी भरून ठेवली की आठवडा राहते' हे वाक्य मला सहन होत नाही. शिकली-सवरलेली माणसे हे वाक्य म्हणतात. मांजर स्वावलंबी आहे ही गोष्ट मोकळ्या दारापुरती खरी. बंद दाराआड त्याचे शरीर फार बेभरवशाचे असते. त्याचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर. त्यामुळे ते पाणी मुळातच कमी पिते आणि कोरड्या दाण्यांवर असले तर अधिकच कमी पडते. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते, आणि दिनक्रम मोडल्याचा ताण हे त्या दुखण्याचे एक निमित्त असते. लठ्ठ मांजराने काही दिवस अन्न सोडले, तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृतच निकामी होऊ लागते. म्हणजे भरलेले वाडगे पुरेसे नाही; ते रिकामे होते आहे की नाही, हे रोज कोणीतरी पाहिले पाहिजे. मातीच्या तबकातले ओले गोळे मोजणारा माणूस हवा. भरवशाने सांगते, दाणे आपोआप टाकणाऱ्या यंत्राला हे मोजता येत नाही, आणि आपल्याकडे वीज गेली तर काही यंत्रांना दाणे टाकणेही जमत नाही. पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्नपाणी न देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये अपराध आहे. मात्र कायद्याला वाडगे दिसते, तबक दिसत नाही.

आमच्याच इमारतीत हे एकदा सर्वांसमोर घडले. दुसऱ्या मजल्यावरचा एक तरुण मार्च २०२० मध्ये दोन दिवसांसाठी गावी गेला. जाताना त्याने दाणे आणि पाणी भरून ठेवले होते. दोन दिवसांच्या मानाने चोख व्यवस्था होती. चोवीस तारखेला रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि तो तिकडेच अडकला. किल्ली त्याच्या खिशात. त्याचे फोन सुरू झाले. आधी पहारेकऱ्याला, मग सचिवांना, मग ज्यांचे क्रमांक त्याच्याकडे होते त्या सगळ्यांना. एरवी मांजरांविषयी तक्रारी करणारे गृहस्थही त्या दिवसांत जिन्यात थांबून त्या दाराला कान लावत. पहिले दोन दिवस आतून आवाज येत होता. मग येईनासा झाला. पोलिसांची परवानगी काढून किल्ल्या करणारा माणूस आणेपर्यंत सहावा दिवस उजाडला. मांजर पलंगाखाली कोपऱ्यात होते, जिवंत. न्हाणीघराचे दार चुकून उघडे राहिले होते आणि बादलीत तळाशी पाणी होते, तेवढ्यावर ते तगले. त्या मुलाला आम्ही फोनवर मांजर दाखवले तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता पाहत राहिला. त्यानंतर आमच्या इमारतीत एकमेकांच्या किल्ल्या एकमेकांकडे राहू लागल्या. वाडीतली मोकळी वहिवाट जणू किल्ल्यांच्या रूपाने थोडीशी परत आली.

गेल्या वर्षी आई मागच्या दाराच्या पायरीवर घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया, मग रुग्णालयातले दिवस, मग घरी उभे राहण्याचा सराव. किती काळ लागेल हे डॉक्टरांनाही सांगता येईना. रातराणीने निघायचे होते आणि हातात एक दुपार होती. मांजरे बरोबर नेण्याचा प्रश्न नव्हता. प्राण्यांना ठेवून घेणारी ठिकाणे शहरात आहेत, त्यांतली काही चांगलीही आहेत. पण मांजर घर ओळखते ते वासाने. दाराची चौकट, खुर्चीचा पाय, माझी पोटरी, ज्याला ज्याला ठकी गाल घासते तेथे तेथे ती आपली खूण ठेवत असते, आणि त्या खुणांच्या मधोमध तिला झोप येते. परक्या पिंजऱ्यात, कुत्र्यांच्या आवाजात, तिने तीन दिवस अन्नाला तोंड लावले नसते. घरात ठेवावे आणि घरी कोणीतरी रोज यावे, हाच मार्ग मला कमी वाईट वाटला.

समोरच्या काकूंना मी विचारले. त्या सत्तरीच्या, एकट्या. त्यांनी आयुष्यात मांजर पाळलेले नव्हते.

"मला मांजरांतलं काही कळत नाही हं," त्या म्हणाल्या, "पण तू लिहून दे, तसं करीन."

मी लिहून दिले. दाण्यांचे माप, वाडग्याखाली पाण्याची ताटली, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत, ओले अन्न उरले तर तासाभराने टाकून द्यावे, आपल्याकडच्या उन्हात ते टिकत नाही, ठकी दिसली नाही तर तिला शोधू नये, कपाटावर असते, बाळ्या तबकात वारंवार जाऊन नुसताच बसत असेल तर वेळ न घालवता डॉक्टरांना फोन. डॉक्टरांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत. कागद लांबत गेला तशा काकू हसू लागल्या. "अगं, मी माझ्या मुलाला पाळणाघरात सोडलं तेव्हाही एवढं लिहिलं नव्हतं."

रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्री मी फोनवर घरचा कॅमेरा उघडून पाहत असे. दिसत असे ते बहुधा झोपलेले मांजर. त्याचे वाईट वाटण्याचे कारण नव्हते; मांजर एरवीही दिवसाचे बारा-चौदा तास सहज झोपते. कॅमेऱ्यातून बोलण्याचीही सोय होती. एका रात्री मी बाळ्याला हाक मारली. तो उठला, कान वळवले, कॅमेऱ्याजवळ आला, कॅमेऱ्याच्या मागे गेला, मग दारापाशी जाऊन बसला. बराच वेळ बसला. पुन्हा मी हाक मारली नाही. जपानमध्ये क्योतोच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला नंतर वाचायला मिळाला. मांजराला त्याच्या माणसाचा आवाज एका ठिकाणाहून ऐकवला आणि लगेच, माणूस इतक्या झटकन पोहोचू शकणार नाही अशा दुसऱ्या ठिकाणाहून ऐकवला, तर मांजर चकित होऊन इकडेतिकडे पाहू लागते. म्हणजे समोर नसलेले माणूस कोठे असेल याचा काही नकाशा मांजराच्या मनात असतो. ओट्यावर येऊन बसणाऱ्या त्या मांजरांना सवयीची म्हणून मोकळे होणे त्यानंतर मला तितकेसे सोपे राहिले नाही.

आईला गुंगीतून जाग आल्यावर तिने दुसऱ्याच दिवशी विचारले, "तुज्या माजरांका थय कोण बघता गो?"

मी काकूंचे सांगितले. तिचे समाधान झाले. तिच्या स्वतःच्या मांजराची तिला चिंता नव्हती. ते शेजारच्या वहिनींकडे जेवत होते. चिंता मला होती, आणि ती मांजराची नव्हती. आईला काठीच्या आधाराने चालता येऊ लागले तसा मी विषय काढला. पुण्याला चल. माझ्या घरी लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहेत, मी आहे.

"माका पुण्याक नेव नको," ती म्हणाली. "हयसर माका काळोखात पण पाय खय ठेवचो ता कळता."

ज्या पायरीवर ती पडली ती तिच्या पायाखालची पन्नास वर्षांची होती, आणि पडली ती भर दिवसा. हे ओठांवर आले होते, पण बोलले नाही. ठकीला परक्या जागी नेऊ नये म्हणून मी किती सहज निर्णय घेतला होता. आईच्या बाबतीत तोच निर्णय घेताना मला धीर होईना. मांजरांशी आईची तुलना मनात येणेही मला आवडले नाही, तरी ती येत राहिली. शेवटी जे काकूंसाठी केले तेच मी वहिनींसाठी करू लागले: कागद घेऊन बसले. गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत, मागच्या पायरीला कठडा करून देणाऱ्या सुताराचे नाव. वहिनींनी कागद घडी करून कमरेला खोवला. "सकाळी चुलीचा धूर दिसलो नाय तर मी येतलंयच," त्या म्हणाल्या. आई गॅसवर चहा करते, चूल आता फक्त पाणी तापवायला पेटते; पण आंघोळ ती चुकवत नाही, तेव्हा हिशेब बरोबर होता.

अठराव्या दिवशी मी पुण्यात परतले. बाळ्या दारातच आडवा पडला, अंग ताणून घेतले, आणि घरघर सुरू केली. मांजर जितका अधिक वेळ एकटे राहते तितके माणूस परतल्यावर अधिक घुरघुरते आणि अधिक अंग ताणते, असे स्वीडनमधल्या संशोधकांना २०१७ मध्ये आढळले होते. त्यांनी अर्धा तास आणि चार तास यांची तुलना केली होती. अठरा दिवसांचे कोष्टक त्यात नाही. ठकी कपाटावरून उतरली ती दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, आणि तीही माझ्यासाठी नव्हे. चार ही काकूंची वेळ होती. दाराबाहेर त्यांच्या चपला वाजल्या आणि ठकी उंबऱ्यापाशी जाऊन बसली.

"तू आलीस हे विसरलेच बघ," काकू म्हणाल्या आणि किल्ली पुढे केली.

मी ती घेतली नाही. अजूनही त्या चारला येतात, स्वतःच दार उघडतात, दाणे मोजून घालतात. मी घरी असले तर चहा टाकते.