दुसऱ्या हंगामाची आजी

आजी कोरियाहून अमेरिकेत लेकीकडे येते. आर्कान्सातल्या माळावर चाकांवरचं घर. आत पाऊल टाकताच ती पिशवी उघडते. तिखटाची पूड निघते, सुकी मासळी निघते. लेकीच्या डोळ्यांना धार लागते. नातवाला मात्र ती नकोशी होते. तिला कोरियाचा वास येतो म्हणे! कोरिया त्यानं जन्मात पाहिलेला नाही.

‘मिनारी’ (२०२०) या चित्रपटातला हा प्रसंग मी कितीदा पाहिला असेन. दिग्दर्शक ली आयझॅक चंग कोरियन आईबापांचा मुलगा, आर्कान्सातच वाढलेला. एका दुपारी तो लहानपण आठवून लिहीत बसला आणि ८० आठवणी कागदावर उतरल्या. त्या आठवणींतून ही आजी आली. ती गोडाधोडाचं करत नाही. ह्वातूचे पत्ते कुटते, शिव्या हासडते, टीव्हीवर कुस्त्या बघते. चंदनाचा हार घालून भिंतीवर टांगावी, अशी ती नव्हेच.

भूमिका करणाऱ्या युन यो-जोंग यांनी विचारलं होतं, तुमच्या आजीची नक्कल करू का? चंग नको म्हणाला. मग त्या मोकळ्या जागेत युन यांची स्वतःची पणजी येऊन बसली. कोरियन युद्धानंतर पाण्याचे हाल. म्हातारी तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायची. छोट्या युनला तिची किळस यायची. तिची काटकसर कळली तेव्हा साठी आली होती, आणि माफी मागायला पणजी उरली नव्हती. २०२१ मध्ये युन यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं.

चंगलाही आजी उशिराच पुरती दिसली. तो कोरियात, इंचॉनला शिकवत होता. खिडकीतून ओहोटीचा चिखल दिसायचा, आणि त्यात वाकून तिसऱ्या-शिंपल्या खणणाऱ्या म्हाताऱ्या बायका. युद्धात नवरा गेल्यावर त्याच्या आजीनं अशाच तिसऱ्या खणून त्याच्या आईला वाढवलं होतं. त्या वाकलेल्या पाठीमुळेच आपण या खिडकीशी उभे आहोत, हे त्याला तिथं उमगलं.

मिनारी म्हणजे पाणथळ जागी वाढणारी एक पालेभाजी. आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर अळू माजतं, तशी ही ओढ्याकाठी बिनबोभाट फोफावते. चंग सांगतो, ती एकदा मरते आणि दुसऱ्या हंगामात पुन्हा उगवते, तेव्हा खरा जोर धरते. आजीवरची मायाही बहुधा असंच दुसऱ्या हंगामाचं पीक असावं. पहिल्या हंगामात आपण नाक मुरडतो.

चित्रपटात आजीच्या हातून आग लागते, कोठारातलं वर्षाचं पीक जळून जातं. उरतं ते तिनं ओढ्याकाठी पेरलेलं हिरवं. बापलेक ते कापायला जातात, तेव्हा त्यांच्यासोबत ती नसते. पडदा काळा होतो आणि अर्पणपत्रिका उमटते: आपल्या सगळ्यांच्या आज्यांना.

माझ्या आजीच्या पदराला मिश्रीचा वास यायचा. मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आता त्या अक्षरांपाशी आले की चित्रपट थांबवते, आणि अंधारात उगाच एक खोल श्वास घेऊन बघते.