दांडिया बाजार ते प्रतापनगर, व्हाया भायली

गेली दोन वर्षं आमचा रविवार ठरलेला होता. सकाळी वाड्याच्या बोळातून स्कूटर ढकलत बाहेर काढायची, न्यायमंदिराच्या बाजूला सेव-उसळ खायची आणि मग 'साइट बघायला' निघायचं. पुढे मी, मागे बायको, तिच्या पर्समध्ये मोजपट्टी आणि एक वही. बडोद्याचा जेवढा भाग मी शाळा-कॉलेजात असताना पाहिला नव्हता तेवढा या दोन वर्षांत पाहून झाला. घर घ्यायला पैसे पुरेसे नसले की माणूस शहर फार बारकाईने बघतो.

आम्ही दांडिया बाजारात राहतो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढे सामायिक लाकडी सज्जा. पणजोबा कोकणातून गायकवाड सरकारच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून आले, तेव्हापासून पत्ता बदललेला नाही. भाडं महिना ४५० रुपये. हे वाचून तुमच्यापैकी काही जण हसतील, पण ज्यांचे आई-वडील जुन्या भाडेकरूंपैकी आहेत त्यांना नवल वाटणार नाही. पावसाळ्यात एका कोपऱ्यात पातेलं ठेवावं लागतं; त्याला बाबा 'आमचं रेन गेज' म्हणतात. सूरसागर पाच मिनिटांवर, खंडेराव मार्केट दहा मिनिटांवर आणि गणपतीच्या दहा दिवसांत घरबसल्या सगळी मिरवणूक.

२०२३च्या दिवाळीनंतर मालक वर आले. भला माणूस आहे, उगाच वाईट बोलणार नाही. वाडा पाडून तिथे दुकानं काढायची आहेत म्हणाले. दोन वर्षांची मुदत दिली आणि खोल्या सोडताना दीड लाख देऊ केले. बाबांनी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर बाबा बराच वेळ सज्जात उभे होते, आणि मी लॅपटॉप उघडून आमच्या खात्यात नेमके किती पैसे आहेत ते बघत होतो.

सुरुवात सगळेच करतात तिथूनच आम्हीही केली, म्हणजे पश्चिमेकडून. सोलर पॅनेलवाल्या पुलावरून अकोट्याला उतरायचं आणि पुढे वासणा-भायली रोड धरायचा. माझ्या लहानपणी भायली म्हणजे शेतं होती. आता दोन्ही बाजूंना टॉवर, प्रत्येकाला एक इंग्रजी नाव, दारात कारंजं आणि आत थंडगार सॅम्पल फ्लॅट. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग नेहमीच्या पलंगापेक्षा लहान असतो, हे बायकोने मोजपट्टीने शोधून काढलं. टू बीएचके, ११८० फूट, ३६ लाख. कार्पेट किती विचारल्यावर सेल्समनने आधी पाणी मागवलं, मग सांगितलं : साडेसहाशेच्या आसपास.

"फक्त १० टक्के भरा, बाकी लोन," असं बाहेरच्या फलकावर होतं. म्हणजे ३ लाख ६० हजार. तेवढे तर आमच्याकडे होते. बाहेर पडताना आम्ही दोघं इतके खूश होतो की येताना लीलो चिवडा घेतला.

पुढच्या रविवारी तोच सेल्समन आवाज खाली आणून म्हणाला, "दस्तावेज चोवीसनो थशे, बाकीना कॅश." म्हणजे कागदावर किंमत २४ लाख, उरलेले १२ लाख रोख, पावती नाही. या वाक्याने सगळं गणित उलटतं, पण ते उलटलेलं पटकन लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. बँक कर्ज देते ते दस्तावेजाच्या किमतीवर. २४ लाखांचे ८० टक्के म्हणजे १९ लाख २० हजार. घराचे द्यायचे मात्र ३६ लाख. उरतात १६ लाख ८० हजार, आणि ते आपल्या खिशातून. त्यात स्टॅम्प ड्युटी वेगळी. फलकावरचे १० टक्के टपरीवरचा चहा संपेपर्यंत ४६ टक्क्यांच्या पुढे गेले होते. शिवाय काळ्या पैशाचा व्यवहार तो व्यवहारच. उद्या तोच फ्लॅट विकताना किंवा बिल्डरशी वाद झाला तर त्या १२ लाखांचा आपल्याकडे काय पुरावा? तो 'सगळेच करतात' म्हणाला. करत असतील. आमच्याकडे तर करण्यासाठी १२ लाख नव्हतेच, त्यामुळे आमच्या प्रामाणिकपणाची फार परीक्षा झाली असं म्हणता येणार नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी सगळे पैसे चेकने चालणार होते, पण करार व्हायच्या आधीच २० टक्के मागत होते. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हे मी सांगितल्यावर बाईंनी मला अगदी गोड हसून ब्रोशर परत मागितलं.

मग वाघोडिया रोड झाला, तरसाली झाली, मांजलपूर झालं. वाघोडिया रोडला भाव बसत होता, पण माझं ऑफिस अलकापुरीला आणि बायकोची शाळा रावपुऱ्यात. रोज दोन स्कूटर आणि दोन तास. तरसालीत एक फ्लॅट आवडला होता, तो आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने घेतला.

२०२४चा ऑगस्ट आला आणि आमची यादी विश्वामित्रीनेच निम्मी केली. नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे. त्या आठवड्यात पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. माझे सासू-सासरे समा भागात तळमजल्याच्या टेनामेंटमध्ये राहतात. रात्री अकराला फोन आला तेव्हा पाणी ओट्याला लागलं होतं. पहाटे दोघं शेजाऱ्यांच्या गच्चीवर होते आणि खाली फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. आम्हाला तिथे पोचायला दोन दिवस लागले. मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. कालाघोड्याच्या पुलावरून मगर बघायला आम्ही लहानपणी हौसेने थांबायचो, आता बायको त्या पुलावरून जाताना नदीकडे बघत नाही. चिखल उपसताना सासऱ्यांच्या कपाटातून घराचे जुने कागद निघाले, भिजून एकमेकांना चिकटलेले. ते आम्ही गच्चीवर एकेक करून वाळवले. त्या महिन्यात आमच्या साठवणीतले ८० हजार त्यांच्या घराला गेले. सासरे घ्यायला तयार नव्हते. बायकोने त्यांना काही न सांगता इलेक्ट्रिशियनचे आणि गाद्यांचे पैसे परस्पर देऊन टाकले.

त्यानंतर तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं : तळमजला नाही. आणि आमची घर बघण्याची पद्धतच बदलली. आधी सेल्स ऑफिसात जायचं बंद केलं. आधी समोरचा पानवाला, इस्त्रीवाला, नाहीतर सोसायटीचा वॉचमन गाठायचा आणि विचारायचं, "काका, चोवीसमां पाणी क्यां सुधी आव्युं हतुं?" हा प्रश्न बडोद्यात कुणालाही विचारा, लोक हातातलं काम टाकून सांगतात. कुणी भिंतीवर हात ठेवून दाखवतो, कुणी मीटरच्या पेटीकडे बोट करतो. कंपाउंडच्या भिंतीवर नवा रंग फक्त खालच्या चार फुटांना असेल तर प्रश्नही विचारावा लागत नाही. पार्किंगमधल्या लिफ्टच्या दाराचा खालचा गंज बघायचा, हे मला एका इस्त्रीवाल्याने शिकवलं.

या काळात पुण्याचा माझा मामेभाऊ दर फोनला एकच विचारायचा : पुण्याला का येत नाहीस, पगार दीडपट होईल. होईलही. मी हिशेब मांडला होता. दोन खोल्यांचं तिथलं भाडं आणि इथलं ४५० यांच्यातच ती दीडपट संपत होती, आणि आई-बाबा इथे एकटे. आणि खरं सांगू, पुण्यात मला सगळे 'बडोद्याचा, म्हणजे जवळजवळ गुजरातीच' म्हणतात. इथे मी 'मराठी'. या घोटाळ्याची सवय झाली आहे, तो इथेच बरा वाटतो.

पैसे कसे साठले याचं काही गुपित नाही. माझ्या हातात ४६ हजार येतात, बायकोच्या साडेसोळा. २०२१च्या एप्रिलपासून पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रिकरिंगला पैसे जायचे. आधी १२ हजार, मग वाढत वाढत २०. उरलेल्यात चौघांचं घर. मध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जुनी स्कूटर बदलावी लागली, मग पूर आला. मित्र विचारतात, काय काय बंद केलंस? फार काही नाही. कॉफी बंद करून घर होत नसतं. आमचं जे साठलं ते मुख्यतः त्या ४५० रुपयांच्या भाड्यामुळे साठलं. ज्याला दरमहा १० हजार भाडं भरावं लागतं त्याला मी काटकसरीवर काही सांगू शकत नाही. चार वर्षं सात महिन्यांनी खात्यात ७ लाख होते.

प्रतापनगरचं घर एका रिक्षावाल्याने सांगितलं. बडोद्याच्या त्या बाजूला आमचं जाणं कमीच. रेल्वेचं कार्यालय, जुनी क्वार्टर्स, मोठी झाडं. गायकवाडांची छोट्या रुळांची गाडी त्या भागाची ओळख; डभोई ते मियागाम हा तिचा पहिला मार्ग १८६२ साली सुरू झाला तेव्हा डबे बैल ओढायचे, हे बाबांनी मला त्या रस्त्यावर तीनदा तरी सांगितलं. इमारत २२ वर्षांची, तीन मजली, लिफ्ट नाही. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. घर रेल्वेतून निवृत्त झालेल्या जोडप्याचं, मुलाकडे निघालेले. किंमत साडेसत्तावीस लाख, आणि काका स्वतःहून म्हणाले, "बधा चेकमां." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

इथलं गणित असं. बँकेने ८० टक्के, म्हणजे २२ लाख मंजूर केले. २० वर्षं, ८ टक्के, हप्ता १८,४००. हप्ता पाहून छातीत धस्स झालं नाही, कारण त्याहून थोडी जास्तच रक्कम आम्ही दरमहा बाजूला काढत होतो. आपले साडेपाच लाख. गुजरातेत स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के, म्हणजे १ लाख ३४ हजार ७५०. नोंदणीचा वेगळा १ टक्का लागतो, पण दस्तावेज एकट्या स्त्रीच्या नावावर असेल तर तो माफ आहे. म्हणून घर बायकोच्या नावावर घेतलं. साडेसत्तावीस हजार वाचले. तयार जुनं घर, त्यामुळे जीएसटी नाही. वकील, सोसायटीची ट्रान्स्फर फी, बँकेचे चार्जेस मिळून ४० हजार. नळ, वायरिंग आणि स्वयंपाकघराचा ओटा ७५ हजार. एकूण ८ लाखांना अडीचशे रुपये कमी. आमच्याकडे सात.

मालकांचे दीड लाख येणार होतेच, पण खोल्यांची किल्ली दिल्यावर. आणि किल्ली देण्याआधी राहायला घर हवं. हा मधला एक महिना सगळ्यात वाईट गेला. बायकोच्या शाळेत बारा जणींची भिशी आहे, महिना तीन हजारांची. तिने ज्यांची पाळी होती त्या बाईंना विचारून आपला नंबर आधी घेतला. ३६ हजार. उरलेल्यासाठी आईने काही न बोलता पाटल्या आणून टेबलावर ठेवल्या. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "विकायला नाही देत आहे. गहाण ठेव आणि सोडवून आण. पावती मात्र माझ्याकडे राहील." सोनेतारण काढलं, पावती तिच्या देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली आहे.

बानाखत, म्हणजे तुमच्या भाषेत साठेखत, झालं त्या दिवशी चौघंही घर बघायला गेलो. आई जिन्यात दोनदा थांबली. तिचा गुडघा ही या घराची खरी किंमत आहे, ती कुठल्याच कागदावर नाही. खाली तिने शेजारच्या बाईंना तोच प्रश्न विचारला, आमच्याकडून पाठ झालेला. बाई म्हणाल्या, दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, आत नाही. बायकोने वाकून ती पायरी मोजपट्टीने मोजली आणि वहीत लिहिली.

बाबा तेवढ्यात दिसेनासे झाले. फोन उचलेनात. तासाभराने माझा मोबाइल वाजला. ते दांडिया बाजारात पोचले होते, आमच्याच नाक्यावरच्या चहावाल्याकडून बोलत होते. "चालत आलो. पाऊण तास लागला," म्हणाले. "मधे मांडवीला थांबलो नसतो तर पस्तीस मिनिटं."